दप्तरापासून ब्राउझरपर्यंत : खानदेशातील कागदपत्रांची घडण

खानदेशात कागदपत्र तयार करणे हे दीर्घकाळ मोजक्याच माणसांचे काम होते. गावात कुलकर्णी, त्याच्या वर देशपांडे, पुढे कचेरीतला कारकून, नंतर छापखान्यातला जुळारी आणि कोर्टाबाहेर टंकयंत्र मांडून बसलेला टायपिस्ट. प्रत्येकाच्या हातात वेगळे साधन होते, पण कागद हवा असलेल्याने त्याच्या दारी जायचे ही रीत कायम होती. संगणक आला तरी ती लगेच बदलली नाही. कागद आता तालुक्याच्या किंवा पुण्या-मुंबईच्या यंत्रावर बनू लागला, एवढेच. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मात्र पावती, बिल, प्रवेशपत्र यांसारखे कागद मागणाऱ्याच्याच मोबाइलवर, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टने तयार होऊ लागले. या प्रवासात मराठी लिपीला दर टप्प्यावर थोडे थांबावे लागले आहे आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच होते.

पेशवाई संपून १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला मुख्य ठाणे केले. गावाचा जमाखर्च तेव्हा कुलकर्ण्याच्या दप्तरात, मोडी लिपीत, बोरूने लिहिलेला असे. वसुलीची जबाबदारी पाटलाची, लिखाण कुलकर्ण्याचे. दप्तर वतनदाराच्या घरी राहत असल्याने कागद गावाचा की घराण्याचा, हा प्रश्न नेहमी धूसर राहिला.

इंग्रजांनी मोजणीची पद्धत आणली तेव्हा प्रत्येक शेताला क्रमांक, क्षेत्र आणि आकार मिळू लागला. खानदेशाने ही मोजणी मुकाट्याने स्वीकारली नाही. १८५२ साली सावदा, फैजपूर आणि एरंडोल भागात मोजणीविरुद्ध दंगे झाले आणि ते मोडायला फौज आणावी लागली. जुन्या इतिहासग्रंथांत या प्रसंगाला चार ओळी मिळतात. खरे तर तो अधिक जागेला पात्र आहे, कारण एकदा कागदावर चढलेला आकडा पिढ्यान्पिढ्या मानगुटीवर बसतो हे त्या शेतकऱ्यांनी अचूक ओळखले होते. पुढे १८७९ चा जमीन महसूल कायदा आला, १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची सोय झाली. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग पडले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली आणि लेखणी पगारदार तलाठ्याकडे आली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आणि तिच्याखालील हक्कनोंदीचे नियम १९७१ चे. गाव नमुना सात हा हक्काचा, नमुना बारा हा पिकांचा, आणि दोन्ही एकाच कागदावर म्हणून सातबारा. खानदेशी शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठा दस्तऐवज नाही. केळीचा विमा असो, पीककर्ज असो की वाटणी, आधी उतारा.

कागद टिकवण्याच्या कामात धुळ्याचे स्थान महाराष्ट्रात वेगळे आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली तेथे सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गावोगाव फिरून गोळा केली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. वतनदारांच्या माळ्यांवरचे मोडी रुमाल मिळवायचे, वाचायचे, बाळबोधीत उतरवायचे आणि छापायचे, असा हा उद्योग. राजवाडे धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. मोडीचा कागद बाळबोध छपाईत येताना मूळ अक्षर हरवते, मजकूर मात्र शोधता येतो. हा सौदा राजवाड्यांनी डोळसपणे केला. शंभर वर्षांनी पीडीएफच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहिला.

छपाईत जळगाव पुढे होते. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ पासून तेथून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालवले. त्यांच्याच पुढाकाराने १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या पोराला तेथे बालकवी ही पदवी मिळाली. मासिक म्हटले की खिळे आले, जुळारी आला. मराठी जुळाऱ्याच्या पुढ्यातली केस इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा कितीतरी मोठी असे, कारण जोडाक्षरे, अर्धी अक्षरे आणि मात्रा-वेलांट्यांचे वेगळे खिळे लागत. ‘शिरपूर’ जुळवताना तो आधी पहिली वेलांटी उचली, मग ‘श’. बोलताना ‘श’ आधी आणि वेलांटीचा उच्चार नंतर, पण कागदावर वेलांटी डावीकडे. जुळारी डोळ्याला दिसेल त्या क्रमाने काम करी आणि त्याचे काही अडत नसे.

टंकयंत्रानेही तोच क्रम ठेवला. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले; पुढे मराठी कळफलकाची यंत्रे कचेऱ्यांत आणि कोर्टांच्या आवारात रुळली. नव्वदच्या आसपास चिन्हांत सगळी देवनागरी बसवायची म्हणून अर्ध्या अक्षराला काना जोडून पूर्ण अक्षर करण्याची युक्ती निघाली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची सवय बोटांना लागली. टायपिंगच्या परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या दोन पिढ्यांची बोटे याच क्रमाने चालत. पुढच्या सगळ्या गुंत्याचे मूळ या निरुपद्रवी सवयीत आहे.

संगणकाशी खानदेशाचे नाते एका अनपेक्षित वाटेनेही जुळलेले आहे. अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. तीच पुढची विप्रो. तेलातून संगणकात जाताना कंपनीचा मुख्य कारभार खानदेशाबाहेर गेला, त्यामुळे अमळनेरच्या वाट्याला संगणकापेक्षा समभाग अधिक आले. स्थानिक पातळीवर संगणक शिकवण्याचे काम कॉलेजांनी केले. बांभोरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चे, जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चे, शिरपूरचे आर. सी. पटेल २००१ चे. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले आणि गुणपत्रिका-पदव्यांसाठी पुण्याकडे पाहणे थांबले. २०१८ साली या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. अक्षरओळख नसलेल्या कवयित्रीचे नाव आता हजारो पदवीपत्रांवर छापले जाते.

मराठी डीटीपीचा काळ साधारण १९९० नंतरचा. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान तेथे वाढले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि बंगळूरची आकृती ही नावे छापखान्यांत घरगुती झाली. लग्नपत्रिका, हँडबिले, बाजार समितीची पावतीपुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल या फॉन्टांत बनू लागले. फॉन्टांची आतली रचना मात्र जुळाऱ्याच्याच वळणाची होती. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवलेले, आणि फाइलमध्ये वेलांटी आधी, अक्षर नंतर. तो फॉन्ट ज्याच्या संगणकात नाही त्याला मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी.

याच अडचणीवर पीडीएफ हा उतारा ठरला, जरी तो मराठीसाठी बनलेला नव्हता. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अॅडोबी कंपनी काढली आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा आणली. १९९१ साली वॉर्नॉक यांनी कॅमलॉट या नावाने एक टिपण लिहिले. कोणत्याही संगणकावर तोच कागद तसाच दिसावा, ही त्यातली कल्पना. १९९३ मध्ये पीडीएफ आले. २००८ साली ते आयएसओ ३२००० हे आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि कोणाच्याही परवानगीवाचून कोणीही पीडीएफ लिहावे अशी वाट मोकळी झाली.

पीडीएफच्या आत परिच्छेद नसतात. पान म्हणजे एक मोकळी चौकट. मोजमाप इंचाच्या ७२ व्या भागात. ए-फोर पान सुमारे ५९५ बाय ८४२. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून अंतर सांगायचे आणि फॉन्टमधला अमुक आकार तेथे ठेव म्हणायचे. असे सगळे आकार, चित्रे आणि फॉन्ट क्रमांक लावून फाइलमध्ये ठेवले जातात आणि शेवटी कोणता घटक कितव्या बाइटवर आहे याची यादी येते. प्रत्येक वाचक-प्रणालीने पुरवायचे म्हणून सुरुवातीला चौदा फॉन्ट ठरवले गेले. त्यांत देवनागरी एकही नव्हता. म्हणून मराठी पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधूनच द्यावा लागतो.

छापखान्यांना ही सोय मोठी वाटली. श्रीलिपीतला मजकूर पीडीएफ केला की तो जगात कुठेही बरोबर दिसतो. पण त्या फाइलमधून ‘चाळीसगाव’ शोधले तर सापडत नाही आणि ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली तर पुन्हा तोच काला. राजवाड्यांनी अक्षर सोडून मजकूर वाचवला होता. येथे अक्षर राहिले आणि मजकूर गेला. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने जुन्या कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा मोडी अभिलेखांची छायाचित्रे जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पीडीएफ म्हणूनच चढली. डोळ्यांना दिसणारी, पण वाचणारा माणूस लागतोच अशी.

युनिकोडने हिशेब बदलला. १९९१ पासूनच्या या मानकात देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला आणि अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवायची असे ठरले. ‘शि’ म्हणजे आधी ‘श’, मग वेलांटी. विंडोज २००० सोबत प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल फॉन्ट घरोघर गेला. साठवण उच्चाराप्रमाणे आणि दर्शन लिपीप्रमाणे, म्हणजे दोन्हींच्या मध्ये कोणीतरी वेलांटी उचलून डावीकडे ठेवली पाहिजे, ‘क’ आणि ‘त’ यांची ‘क्त’ अशी जोडणी केली पाहिजे. जुळाऱ्याचे हे काम आता एका प्रणालीकडे आले. तिच्यातली सर्वांत प्रसिद्ध हार्फबझ. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही ती वापरतात.

सरकारी कागद युनिकोडवर आला तो सातबाऱ्याच्या निमित्ताने. तालुक्याच्या संगणकातून छापील उतारे मिळण्यापासून ई-फेरफारपर्यंत बरीच वर्षे गेली. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि १५ रुपये भरून तो घरबसल्या उतरवता येऊ लागला. अशा स्वाक्षरीला कायद्याचा आधार माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चा. स्वाक्षरी करताना फाइलमधल्या सगळ्या बाइटांवरून एक आकडा काढला जातो आणि तो गुप्त किल्लीने बंद होतो. नंतर एक अंक जरी बदलला तरी पडताळणीत चोरी उघड होते. ही किल्ली नागरिकाच्या मोबाइलवर पाठवता येत नाही, म्हणून हा कागद सर्व्हरवरच बनतो. कुलकर्ण्याचे दप्तर जसे त्याच्या घरी, तसेच हे. सेतू केंद्रांत छापलेल्या दाखल्यांवर स्वाक्षरीच्या जागी अनेकदा पिवळे प्रश्नचिन्ह उमटते. फाइल उघडणाऱ्या संगणकाला भारतीय प्रमाणन संस्थेचा भरवसा नोंदवून दिलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ. दाखला खोटा आहे असे त्याने ठरत नाही. खरे-खोटे कागदावरच्या क्रमांकाने संकेतस्थळावर पाहावे.

ज्या कागदाला अशी स्वाक्षरी नको, तो सर्व्हरकडे न जाता बनू शकतो. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपसाठी दहा दिवसांत उभी केली. पानावरचे बटण हलवणे, अर्जातली चूक दाखवणे एवढेच काम तेव्हा तिच्याकडे होते. फाइल लिहिण्याची तिला मुभाच नव्हती. २००९-१० च्या सुमारास ब्रिटनमधील जेम्स हॉल यांनी जेएसपीडीएफ लिहिले. पीडीएफ हा शेवटी ठराविक नियमांनी रचलेला बाइटांचा क्रम, मग तो ब्राउझरमध्येच का रचू नये, हा त्यामागचा साधा विचार. आरंभी तयार फाइल एका लांबलचक पत्त्यात कोंबून उघडावी लागे. ब्राउझरांना बायनरी माहिती हाताळता येऊ लागल्यावर ती सरळ डाउनलोड होऊ लागली. मोझिलाने २०११ मध्ये पीडीएफ दाखवणारे पीडीएफ.जेएस जाहीर केले आणि २०१३ च्या फायरफॉक्स १९ मध्ये ते अंगभूत झाले; जावास्क्रिप्टला हे ओझे झेपते याबद्दलची शंका तेथे संपली. तक्ते आणि परिच्छेद सोप्या वर्णनातून मांडणारे पीडीएफमेक २०१४ च्या आसपासचे. असलेल्या पीडीएफमध्ये भर घालणारे पीडीएफ-लिब त्यानंतरचे.

लहान गावाला या पद्धतीचे फायदे ठळक आहेत. सर्व्हरचे भाडे वाचते. पान एकदा उघडले की सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज गेली तरी पावती निघते. ग्राहकाचे नाव, रक्कम, मोबाइल क्रमांक त्याच्याच यंत्रात राहतात. उलट बाजूही आहे: जो कागद मागणाऱ्याच्या यंत्रात बनतो तो मागणारा बदलूही शकतो, म्हणून अशा पावतीला नोंदवहीतल्या क्रमांकाचा आधार हवाच.

मराठीची अडचण येथे पुन्हा डोके वर काढते. जेएसपीडीएफला देवनागरी फॉन्ट बांधून दिला तरी ते अक्षरे साठवलेल्या क्रमानेच एकापुढे एक ठेवते. जुळाऱ्याचे काम करत नाही. जळगाव जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. त्यांतल्या चौदा नावांत ऱ्हस्व वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही: जळगाव, भुसावळ, यावल, रावेर, चोपडा, पाचोरा, अमळनेर सगळी सुखरूप छापली जातात. फसते ते एकटे मुक्ताईनगर, कारण ‘क’चा पाय मोडलेला दिसतो आणि ‘ता’ सुटा पडतो. या गावाचे एदलाबाद हे जुने नाव टिकले असते तर तेही निभावले असते. धुळे जिल्ह्यात चार तालुके, आणि धुळे सोडून तिन्ही बिघडतात. साक्रीचा ‘क्री’ फुटतो. शिरपूरची वेलांटी ‘श’च्या पुढे जाऊन ‘र’वर बसते आणि गावाचे शरिपूर होते. शिंदखेड्याचीही तीच गत. जळगावात चाचणी घेऊन समाधानी झालेला प्रोग्रामर धुळ्यात तोंडघशी पडण्याची ही पुरेपूर व्यवस्था आहे.

यावर तीन तोडगे चालतात. पहिला, पानाचे चित्र काढून ते पीडीएफमध्ये चिकटवणे. दिसायला बरोबर, पण फाइल फुगते, शोध चालत नाही आणि दृष्टिहीनांना वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला त्यात अक्षरही सापडत नाही. झटपट म्हणून तोच सर्वाधिक वापरला जातो, आणि तोच सर्वांत वाईट. दुसरा, हार्फबझ वेबअसेम्ब्लीच्या रूपाने ब्राउझरमध्ये घेऊन आधी अक्षरे जुळवायची आणि मग ते आकार पीडीएफमध्ये ठेवायचे. हा मार्ग शुद्ध आहे, मात्र मेहनतीचा; आकारांसोबत मूळ मजकुराचा नकाशाही लिहावा लागतो, नाहीतर श्रीलिपीच्या काळातला काला परत येतो. तिसरा सर्वांत साधा: छपाईसाठी वेगळी शैली लिहिलेले पान तयार करून ब्राउझरच्याच प्रिंट आज्ञेने पीडीएफ जतन करायचे. अक्षरजुळणी ब्राउझर स्वतः करतो. समास आणि फाइलचे नाव वापरणाऱ्याच्या हाती राहते, हा तोटा आहे, पण तो सोसण्याजोगा आहे. मराठी मजकुराच्या साध्या पावत्या-दाखल्यांसाठी आज हाच मार्ग विश्वासाचा आहे. आणि कोणताही मार्ग घेतला तरी काम गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी साक्री, शिंदखेडा आणि मुक्ताईनगर ही तीन नावे छापून पाहावीत, मग त्याच फाइलमध्ये ती शोधूनही पाहावीत.